मदत हवी आहे: वाढत्या उपनगरासाठी कोणता इंटरचेंज सुचवावा?

नमस्कार मंडळी. आमच्या उपनगरालगतच्या महामार्गावर नवीन इंटरचेंज होणार आहे, म्हणजे महामार्ग आणि दुसरा रस्ता पुलाने वर-खाली ओलांडून रॅम्पने (चढण्या-उतरण्याच्या जोडरस्त्यांनी) जोडणारी रचना. रहिवाशांकडून लेखी सूचना मागवल्यात आणि मसुदा माझ्या गळ्यात पडलाय. वाहतूक नियोजनातलं कुणी आहे का इथे?

साधा डायमंड (चार तिरके रॅम्प, वरून हिऱ्यासारखा आकार) स्वस्त, जागाही कमी लागते. पण रॅम्पच्या टोकाला सिग्नल आला आणि वस्ती वाढली, की रांग मागे मागे थेट महामार्गावर पोचते. क्लोव्हरलीफला (चार पाकळ्यांसारखे गोल रॅम्प, म्हणजे लूप) सिग्नल नाही म्हणून बहुतेकांना तोच हवाय. मला मात्र तो पटत नाही. जमीन प्रचंड खातो, शिवाय शेजारच्या दोन लूपमधल्या छोट्या पट्ट्यात चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या गाड्या एकमेकींना आडव्या जातात. गर्दीत तिथेच सगळं तुंबतं.

तिसरा पर्याय डायव्हर्जिंग डायमंड. यात पुलावर दोन्ही दिशांची वाहतूक तेवढ्यापुरती बाजू बदलते, त्यामुळे रॅम्पकडे वळताना समोरच्या गाड्या आडव्या येत नाहीत. गाड्यांचे मार्ग एकमेकांना भिडण्याच्या जागा साध्या डायमंडमध्ये २६, यात १४. अमेरिकेत पहिला २००९ मध्ये स्प्रिंगफील्ड, मिसुरी इथे सुरू झाला. कागदावर तरी झकास!

पण पायी जाणाऱ्यांचं काय? शाळकरी मुलं, सायकलवाले पलीकडे कसे जाणार? आणि आत्ता डायमंड बांधून लूपसाठी जमीन राखून ठेवा, असं सुचवणं व्यवहार्य आहे का? इंटरचेंज झाला की आजूबाजूला बांधकामं उगवणारच, तेव्हा वाहतुकीच्या अंदाजात ती धरलीत का, हे अहवालात नेमकं कुठे बघायचं?