बॅलन्स बोर्डवर चेंडू झेलताना तोल जातो

प्रश्न: ८ वर्षांचं मूल, वाचनात मागे, एका जागी बसत नाही. म्हणून बॅलन्स बोर्डवर (खाली गोलसर आधार असलेली, डुलणारी फळी) सराव सुरू केलाय. त्यावर उभं राहतं, पण चेंडू आला की पाय टेकतं. काय चुकतंय?

उत्तर १: दोन कामं एकदम झाली. आधी जमिनीवर अनवाणी, एका पायावर १० सेकंद, नजर समोरच्या खुणेवर. मग बोर्ड, कमीत कमी झुकेल असा ठेवून, मागे कुणीतरी हवंच. ३० सेकंद स्थिर जमलं की चेंडू, तोही स्वतःच वर उडवून झेलायचा. गुडघे ताठ ठेवले तर तोल जाणारच. किंचित वाकवायला सांगा.

उत्तर २: रोज १० मिनिटं पुरेत. मळमळलं की थांबा.

उत्तर ३: यानं तोल सुधारतो, पण वाचनही सुधारतं याला भक्कम पुरावा नाही. अक्षर-ध्वनी जोडण्याचा सराव वेगळा हवाच. तोल अचानक बिघडला असेल तर आधी डॉक्टर गाठा.