मदत हवी आहे: तिघांच्या नात्यात टॅरोची कोर्ट कार्ड्स (पेज, नाइट, क्वीन, किंग हे माणसांचे पत्ते) कशी वाचावीत?

मैत्रिणीसाठी पत्ते काढतेय. ती एका नात्यात आहे आणि जुना मित्र पुन्हा आयुष्यात आलाय. पत्ते तिनेच काढायला सांगितलेत. माझ्याकडे रायडर-वेट डेक आहे, ७८ पत्त्यांचा. उलटे पत्ते मी वाचत नाही.

आधी १० पत्त्यांचा सेल्टिक क्रॉस मांडला. त्यात नाइट ऑफ कप्स आणि किंग ऑफ स्वोर्ड्स दोन्ही आले, आणि तिथेच अडले. नाइट म्हणजे जुना मित्र, की तिच्याच मनातली ओढ? मग प्रत्येकासाठी तीन-तीन पत्ते वेगळे काढले. तिच्या ओळीत क्वीन ऑफ स्वोर्ड्स आली तेव्हा चित्र स्पष्ट झालं, पण दोघा पुरुषांच्या ओळी एकमेकींत मिसळल्यासारख्या वाटतात. पुन्हा पुन्हा काढायचं नाही, त्याने तिची घालमेल वाढते.

'लव्हर्स'ही आला होता. जुन्या मार्सेय डेकमध्ये त्यावर दोन बायकांमध्ये उभा पुरुष असतो, म्हणजे निवड. १९०९ च्या रायडर-वेटमध्ये मात्र देवदूताखाली फक्त जोडपं आहे. तरी इथे निवडीचा अर्थ घेऊ का?

तिघांसाठी आधीच एकेक कोर्ट कार्ड ठरवून बाजूला ठेवायचा विचार आहे. पण मग १६ पैकी ती तीन मांडणीत येणारच नाहीत, हे खटकतं. 'त्याला सोड' असा सल्ला नकोय, निर्णय तिचा आहे. त्रिकोणी नात्यांचं वाचन नेहमी करणाऱ्यांनी सांगावं: तुम्ही माणसं आधी ठरवता, की कोर्ट कार्ड आल्यावर जागेवरून ओळखता?