मदत हवी आहे : ताकातल्या जिवाणूचं विष की नुसता आंबटपणा?

नमस्कार मंडळी, मी परभणीत बीएस्सीच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. जिवाणू एकमेकांना कसे मारतात हे त्यांना प्रत्यक्ष दाखवायचंय. १९२५ मध्ये आंद्रे ग्रातिया यांनी ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या एका वाणातलं दुसऱ्याला मारणारं द्रव्य दाखवलं, ते कोलिसिन. त्याच्या प्रकारांतलं ई३ तर विलक्षणच. बी-१२ आत घेण्याच्या वाटेनं शेजाऱ्यात शिरतं आणि प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचा आरएनए कापतं. सोडणारी पेशी स्वतः फुटून मरते, पण भाऊबंदांकडं त्यावरचं उतारा-प्रथिन असतं, म्हणून ते वाचतात.

आमच्याकडं मात्र घरचं ताक. त्यातल्या वसाहती एमआरएस आगारवर (ताकातल्या जिवाणूंना मानवणारं घट्ट माध्यम) वाढवून वर मऊ आगारात बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जिवाणूचा थर ओतला. काहींभोवती स्वच्छ कडं पडलंय, एकाची कड तर अगदी रेखीव. मुलं "नायसिन!" (दुधातल्या काही जिवाणूंचं असंच मारक प्रथिन) म्हणून खूश आहेत. पण लॅक्टिक आम्लानंही कडं पडतंच की!

पेशी काढलेल्या द्रवाचा पीएच सोड्यानं साडेसहापर्यंत आणावा, तर नायसिन आम्लातच नीट विरघळतं आणि टिकतं. मग खरं विषही हातचं जायचं. त्याऐवजी तेवढ्याच पीएचला लॅक्टिक आम्ल घातलेलं कोरं माध्यम आगारात पाडलेल्या शेजारच्या खळग्यात ठेवलं तर पुरावा म्हणून चालेल का? आणि कडं प्रथिनामुळं पडलंय का हे प्रथिन तोडणारं विकर घालून बघायचं, तर ट्रिप्सिन नायसिनला फारसं तोडत नाही, कायमोट्रिप्सिन तोडतं. ते थोड्या प्रमाणात नांदेड, लातूर किंवा संभाजीनगरला कुठं मिळेल? कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा.