गिटारच्या टॉपला बारीक रेषांची फळी लावू की खणखणीत वाजणारी? मदत हवी आहे

मंडळी, सोलापुरात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत दुसरी अकूस्टिक गिटार बांधायला घेतली आहे. पोट पॉवरलूमवर आहे, हा रविवारचा उद्योग. एका फळीपाशी गाडी अडली आहे: टॉप, म्हणजे तारांखालची, आवाज घुमवणारी पुढची फळी.

आधी पहिलीची कथा. आजोळचा वाडा पाडला तेव्हा दाराची सागवानी फळी हाती आली. तिच्यावर एकात एक डोंगर काढल्यासारख्या रेषा होत्या, त्यांनाच भुललो. चार मिलिमीटरचा टॉप केला आणि ऐन श्रावणात ब्रेसिंग (आतून आधार देणाऱ्या पट्ट्या) चिकटवलं. आवाज म्हणाल तर पोळपाटावर टिचक्या माराव्यात तसा. पुढे एप्रिलात भर दुपारी खोलीतून 'टक्' असा आवाज आला. जाऊन बघतो तर ब्रिजपासून (तारा टॉपला अडकवतात ती पट्टी) खालच्या कडेपर्यंत, रेषेला धरून, केसाएवढी भेग.

मग अक्कल आली. डोंगरासारख्या रेषा म्हणजे खोडातल्या वाढीच्या वर्तुळांना स्पर्शून कापलेलं लाकूड. टॉपला हवी असते ती खोडाच्या गाभ्याकडून सालीकडे कापलेली फळी. तिच्या टोकाकडून पाहिलं तर रेषा सरळ उभ्या दिसतात. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटतं, आणि डोंगरवाली फळी उभ्या रेषांच्या फळीपेक्षा साधारण दुप्पट आटते. पावसाळ्यात फुगलेली फळी मी आडव्या पट्ट्यांना जखडली, मग सोलापूरच्या उन्हाळ्यात दुसरं काय होणार!

आता सिटका स्प्रूसचे (टॉपसाठी वापरतात ते सूचिपर्णी लाकूड) दोन जोड मागवलेत, जोड म्हणजे टॉपचे दोन अर्धे भाग. 'अ' जोड महागडा, ट्रिपल ए. रेषा इंचाला वीसेक, कंगव्यासारख्या. पण कडेला त्या कलंडल्या आहेत. शिवाय दोन भाग पुस्तकासारखे उघडून ठेवले की एक उजळ, एक काळसर दिसतो, आणि फिरवून ठेवले की उलटं. 'ब' जोड निम्म्या किमतीचा. रेषा इंचाला आठच, मध्ये एक तपकिरी पट्टा, पण टोकापासून टोकापर्यंत उभ्या. टिचकी मारली की हा पितळी ताटासारखा वाजत राहतो. 'अ' लगेच गप्प होतो.

मध्यंतरी मिरजेला गेलो होतो. तंबोऱ्याचे भोपळे आपल्याच पंढरपूर-मंगळवेढ्याकडून तिकडे जातात, तेवढीच ओळख काढली. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने तबलीची (तंबोऱ्याच्या भोपळ्यावरच्या झाकणाची) फळी कानाजवळ धरून बोटाने वाजवली. रेषांकडे ढुंकूनही पाहिलं नाही! तेव्हापासून जास्तच गोंधळलोय. डोळ्यांचं ऐकू की कानांचं? आणि मागच्या बाजूला शिसवच लागतं का?

प्रतिसाद

दादा, 'ब' घ्या. ट्रिपल ए ही दिसण्याची प्रत आहे, वाजण्याची नव्हे. स्प्रूस रेषेच्या दिशेत जेवढं ताठ असतं, त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढंही आडवं ताठ नसतं. त्यात रेषा कलंडल्या की तेवढाही ताठपणा झपाट्याने जातो. उजळ-काळसर दिसतं ते रनआउट (क्रिकेटमधलं नव्हे). तंतू फळीला समांतर न जाता पृष्ठभागातून बाहेर पडतात. बारा नंबरच्या (पहिली तार 0.012 इंच जाडीची) सहा तारांचा ताण सत्तर किलोच्या पुढे जातो, ब्रिजखाली असलं लाकूड नको.

पण टिचकीवर सगळं सोडू नका. दोन्ही फळ्या सारख्या जाडीच्या करा, दोन टोकांना टेकू द्या, मध्ये वजन ठेवा आणि किती वाकते ते मोजा, उभी आणि आडवी दोन्ही. जी ताठ ती पातळ करता येते, म्हणजे टॉप हलका होतो. मात्र रंधा जपून. जाडी दहा टक्के कमी केली की ताठपणा पाव हिश्शाहून जास्त घटतो.

शिसवासाठी कर्ज काढू नका. इंग्लंडात 52 वादकांना अंधुक उजेडात, वेल्डिंगचे गॉगल घालून सहा गिटारी वाजवायला दिल्या होत्या. फरक फक्त मागच्या आणि कडेच्या लाकडाचा. 2018 मध्ये निष्कर्ष आले, वादकांना गिटारी जवळपास सारख्याच वाटल्या. आणि तोरेस या स्पॅनिश गिटार-कारागिराने तर 1862 मध्येच पाठ आणि कडा कागदी लगद्याच्या करून गिटार बनवली होती.

धागाकर्ता

आभार! दोन्ही फळ्या साडेतीन मिलिमीटरवर आणून एक किलो तूरडाळीची पिशवी ठेवून पाहिलं. उभ्यात 'अ' चार मिमी वाकली, 'ब' तीन. आडव्यात 'अ' दोन, 'ब' जेमतेम एक. डाळ परत डब्यात गेली, 'ब' फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र आणलंय, आज खोलीत 24 टक्के दाखवतंय. ब्रेसिंग किती टक्क्यांवर चिकटवू? दिवाळीपर्यंत थांबायची तयारी आहे.

प्रतिसाद

45च्या आसपास. आत्ता चिकटवलंत तर पावसाळ्यात टॉपला पोट सुटेल.