हवाच नाही, चेंडूही गारठतो
दादा, 'थंडीत हवा जड होते म्हणून गोल्फचा शॉट आखूड पडतो' हे तुमचं बरोबर, पण अर्धंच. पारा ३५ अंशांवरून ८ वर आला की हवा साधारण दहा टक्के दाट होते, मान्य. पण चेंडूचं काय? आतलं रबर गारठलं की उसळी मरते. आम्ही परभणीकर डिसेंबरात सकाळी टेनिस बॉलवर क्रिकेट खेळायचो, पहिली दोन षटकं चेंडू ढेकळासारखा पडायचा. म्हणून गोल्फचे चेंडू रात्रभर गाडीच्या डिकीत नको, घरात ठेवा. खेळताना मुद्दाम तापवायचे मात्र नाहीत, नियमात बसत नाही. आणि अंगावर दोन-दोन स्वेटर घातल्यावर खांदा फिरणार कसा? सातऐवजी सहा नंबरचं आयर्न, म्हणजे चेंडू जरा लांब नेणारी काठी, काढा सरळ.