पहिल्याच प्रेअरी शिकारीला लॉज नको, गावातलं मोटेल घ्या

माळावरचा (मिनिआपोलिस)

माझा मेहुणा येत्या ऑक्टोबरात पहिल्यांदा फेझंटच्या शिकारीला येतोय, माझ्याबरोबर, साउथ डकोटात. परवा त्याने एका शिकारी लॉजची (राहणं, जेवण, गाइड, कुत्रे, सगळं एकाच ठिकाणी) माहिती पाठवून विचारलं, "हेच बुक करू ना?" मी नको म्हणालो. हाच प्रश्न वर्षभरात आणखी तिघांनी विचारलाय, म्हणून कारणं इथे सविस्तर मांडतो.

फेझंट हा आपल्या तितराच्या, मोराच्या कुळातला पक्षी. मूळचा आशियातला. 1908 साली स्पिंक काउंटीत रेडफील्ड गावाजवळ सोडलेले पक्षी तगले, वाढले, आणि 1919 साली त्याच काउंटीत पहिला हंगाम झाला, तोही एका दिवसाचा. आज तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. शंभर वर्षांहून जास्त काळ त्या गवतात पिढ्यानपिढ्या वाढलेला पक्षी तुमच्या पायाखालून फडफडाट करत उठतो तेव्हा छातीत जे होतं, त्यासाठी पाच तास गाडी चालवायची. आणि पुष्कळशी लॉज 'प्रिझर्व्ह' म्हणून चालतात. तिथे पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडतात आणि पाहुणे ते टिपतात. सगळीच तशी नाहीत, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला फरक कळत नाही आणि तो विचारतही नाही.

मी आधी जमीन बघतो, मग गाव. राज्याच्या वन्यजीव खात्याचा सार्वजनिक शिकारीचा नकाशा उघडायचा. त्यावर तीन प्रकार महत्त्वाचे: खात्याच्या स्वतःच्या जमिनी, केंद्र सरकारची पाणथळं, आणि 'वॉक-इन एरिया', म्हणजे खासगी शेतकऱ्याची जमीन, पण खात्याने त्याला मोबदला देऊन शिकारीसाठी खुली केलेली. पायी शिरायचं, वेगळी परवानगी लागत नाही. आता गावाभोवती 25 मैलांचं वर्तुळ काढा आणि आत किती तुकडे पडतात ते मोजा. चार असतील तर ते गाव सोडा. निदान पंधरा हवेत. कारण प्रत्यक्षात एका तुकड्यावर आधीच तीन गाड्या उभ्या असतात, दुसऱ्यावरचं गवत कापून गठ्ठे बांधून झालेले असतात, तिसरा सगळाच पाण्याखाली असतो. नकाशावर तिन्हींचा रंग सारखाच दिसतो.

गाव ठरलं की फोन करा, नुसतं बुकिंग करून मोकळे होऊ नका. कुत्रा खोलीत चालतो का? पक्षी सोलायला वेगळी जागा आहे का? फ्रीझर आहे का? पहिल्या वर्षी मी यातलं काहीच विचारलं नव्हतं. मोटेलच्या मागे, गाडीच्या दिव्यात, बोचऱ्या वाऱ्यात पक्षी सोलत बसलो. बोटं इतकी बधिर झाली होती की सुरी लागल्याचं रक्त दिसल्यावर कळलं. पिसं उडून शेजारच्याच्या दारापर्यंत गेली आणि सकाळी बोलणी खाल्ली, ती रास्तच होती. आता ज्या गावात उतरतो तिथे सोलायची शेड आहे, पाण्याचा नळ आहे, आणि रात्री तिथेच चार अनोळखी लोक भेटून कुठे पक्षी आहेत ते सांगतात. एवढी माहिती मला कुठल्याही नकाशातून मिळाली नसती.

शिकागोकर

दादा, अजिबात पटलं नाही. तुम्ही चार-पाच हंगाम केलेल्या माणसाच्या नजरेतून लिहिताय, सल्ला मात्र पहिल्यांदा जाणाऱ्याला देताय.

मी पहिल्या वर्षी तुमच्यासारखाच मोटेलवाला होतो. आम्ही दोघं, बरोबर कुत्रा नाही. तीन दिवसांत एक पक्षी हाती आला आणि दोन जखमी होऊन हरवले. फेझंट जमिनीवर पडला म्हणजे मिळाला असं नसतं. पंखाला लागलेला नर माणसापेक्षा वेगाने पळतो आणि पाणकणसात घुसला की दिसत नाही. त्या दोन पक्ष्यांचा सल मला अजून आहे.

लॉजवर पैसे कशाचे देता? शिकवलेल्या कुत्र्यांचे, आणि गाइडचे. पक्षी उठला की गाइड ओरडतो, "रूस्टर!" (नर) किंवा "हेन!" (मादी). मादी मारायची नाही, हा नियम तोंडपाठ असतो सगळ्यांना. पण सूर्य समोर असताना, पहिलाच पक्षी, छाती धडधडतेय, अशा वेळी नवशिक्याला नर-मादी कळते का? शिवाय मक्याच्या शेतात आपल्याकडच्या हाक्यासारखी रांग करतात: काही जण चालतात, काही जण टोकाला नाकं धरून उभे राहतात. तिथे खाली उडणाऱ्या पक्ष्यावर बार टाकला तर समोर माणूस असतो. हे शिकवायला कोणीतरी जाणता हवा की नको?

सोडलेल्या पक्ष्यांबद्दल म्हणाल, तर प्रिझर्व्हचा हंगाम 1 सप्टेंबरपासून 31 मार्चपर्यंत असतो. सर्वसाधारण हंगामाच्या सलामीच्या शनिवारी, त्या गर्दीत जायची सक्तीच नाही. नवशिक्याने निवांतपणे शिकावं, आणि पुढच्या वर्षी खुशाल रानातल्या पक्ष्यामागे जावं.

माळावरचा

कुत्र्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. माझी लॅब (लॅब्रेडोर कुत्री) बरोबर असते, म्हणून लिहायचं सुचलंच नाही. ज्याच्याकडे कुत्रा नाही आणि कुत्रावाला मित्रही नाही, त्याने माझा सल्ला ऐकू नये.

पण गाइडवर मी अडतो. पहिल्या दिवशी दुसऱ्याने गवत निवडलं, दुसऱ्याच्या कुत्र्याने पक्षी काढला, दुसऱ्याने "मार" सांगितलं, आणि रात्री सोललेला पक्षी पिशवीत घालून हातात दिला, तर तो माणूस शिकला काय? मेहुण्याने निदान एकदा रिकाम्या हाताने सहा मैल चालावं अशी माझी इच्छा आहे. तेव्हा कळतं, पक्षी गवताच्या मधोमध नसतो. तो कडेला असतो, जिथे गवत संपून मक्याची धसकटं सुरू होतात.

सोलापूरची लेक

मला दोघांचंही पटत नाही. आम्ही नवरा-बायको आणि दोन मुलं असे जातो, आणि मुक्काम अबर्डीन शहरात करतो. लॉज नाही, रेडफील्डसारखं बावीसशे वस्तीचं गावही नाही.

साउथ डकोटात फेझंटवर सकाळी दहाच्या आधी बंदूक चालवता येत नाही. ही काही बदकांची शिकार नव्हे, की अंधारात उठून पाण्यात जाऊन बसावं. मग शिकारीच्या जागेजवळच राहायचा आग्रह कशाला? अबर्डीनहून रेडफील्ड सरळ रस्त्याने 42 मैल, पाऊण तास. सकाळी मुलांना पोटभर खाऊ घालून साडेआठला निघालं तरी वेळ उरतो. पाऊस लागला तर शहरात मुलांना न्यायला जागा आहेत, कुत्र्याच्या पायात काही गेलं तर जनावरांचा डॉक्टर आहे, काडतुसं संपली तर मोठी दुकानं आहेत. उत्तरेला सँड लेकचं अभयारण्य आहे, शरदात तिथली पाखरं बघायला धाकटीला फार आवडतं.

आणि या शहराचं फेझंटशी जुनं नातं आहे. दुसऱ्या महायुद्धात इथल्या स्टेशनवर आगगाड्या थांबत, तेव्हा आसपासच्या बायका सैनिकांना फेझंटचं सँडविच फुकट देत. मी हे मुलांना स्टेशनासमोर उभं करून सांगितलं. त्यांच्यासाठी तीही शिकारीच्या सहलीचाच भाग होती.

एकट्या पुरुषांनी कुठेही राहावं. कुटुंब घेऊन पहिल्यांदा जात असाल तर तुम्ही गवतात असताना बाकीचे काय करणार, ते आधी बघा.

वऱ्हाडी काका

ताई, सकाळचा हिशेब तुमचा बरोबर आहे. माझं म्हणणं संध्याकाळचं आहे.

या शिकारीचा सगळ्यात मोलाचा वेळ म्हणजे सूर्यास्ताआधीचा शेवटचा तास. पक्षी मक्यात चरून तेव्हा रात्रीच्या मुक्कामाला गवतात परततो. खडीच्या रस्त्यावर खडे टिपायला उतरतो. तिथे रस्त्याच्या कडेच्या चरातही शिकार चालते, फक्त घरं आणि गुरं यांच्यापासून 660 फूट लांब राहावं लागतं. तो तास सोडून पाऊण तासाच्या परतीला लागणं मला पटत नाही. आणि तो तास धरला, तर अंधारात परतायचं. नोव्हेंबरात घड्याळ मागे गेलं की सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि तोच हरणांच्या माजाचा महिना. नर हरीण तेव्हा मागेपुढे न बघता रस्त्यावर येतं. ओला कुत्रा, दमलेला ड्रायव्हर, 42 मैल. मी एकदा गाडीचं नाक घालवून बसलोय. तेव्हापासून पंधरा मैलांच्या आत राहतो.

दुसरी गोष्ट कुणीच काढली नाही: चूल. मी शेगडी असलेलीच खोली घेतो. फेझंटला चरबी नसते, भराभर शिजवला की चामडं होतो, आणि पायात दोऱ्यासारख्या कडक शिरा असतात. पाय वेगळे काढून मंद आचेवर दोन तास, कांदा-लसूण मसाला, थोडं सुकं खोबरं. छाती शेवटी घालायची. दिवसभर चालून आल्यावर खोलीत तो वास दरवळतो तेव्हा मला वडिलांची आठवण येते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याआधी त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती, आणि मारलेलं खायचं, वाया घालवायचं नाही, हे त्यांनी मला आठव्या वर्षी शिकवलं होतं. लॉजच्या जेवणघरात मला हे करता येणार नाही.

नवा गडी (ओमाहा)

मी तंबू घेऊन जायचा विचार करतोय. मोटेलचे पैसे वाचतील आणि तुकड्याच्या शेजारीच मुक्काम.

माळावरचा

तुकड्यावर नको. केंद्राच्या पाणथळ जमिनींवर रात्री मुक्कामाला बंदी आहे, आणि वॉक-इन ही तर कुणाचीतरी शेती, ती फक्त पायी शिकारीपुरतीच खुली. तंबू टाकायचाच तर राज्याच्या उद्यानातली किंवा गावातली कॅम्पिंगची जागा बघा. पण ऑक्टोबरअखेर तिथलं पाणी बंद झालेलं असू शकतं आणि रात्री बर्फ पडू शकतं. आणखी एक: केंद्राच्या त्या जमिनींवर शिशाचे छरे चालत नाहीत, स्टीलचे लागतात. आधीच घेऊन ठेवा, ऐन हंगामात लहान गावात हवी ती काडतुसं मिळतीलच असं नाही.

पुणेरी इंजिनिअर

राहायची जागा ठरवण्याआधी नव्या मंडळींनी कागद बघावेत. व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेत एरवी बंदूक बाळगता येत नाही, आणि राज्याचा वैध शिकार परवाना हातात असणं हा त्या कायद्यातला एक अपवाद आहे. म्हणजे परवाना आधी, बंदुकीला हात नंतर, मित्राची असली तरी. आणि काका म्हणतात तसं शिजवून खाल्लंत तर उत्तमच, पण घरी न्यायचे पक्षी पूर्ण साफ करू नका. डोकं, पाय किंवा पिसांसकट एक पंख अंगाला राहू द्यावा लागतो, नर होता हे दिसायला. मोटेलच्या शेडमध्ये हे सांगायला कोणी नसेल.

शिकागोकर

हेच तर मी म्हणतोय! एवढं सगळं एका नवशिक्याने डोक्यात ठेवायचं, वर पंधरा तुकडे मोजायचे, रस्ते शोधायचे, पावसानंतर कच्च्या रस्त्यावरच्या चिकणमातीत गाडी रुतली तर तीही काढायची. लॉजवर ही ओझी दुसऱ्याच्या खांद्यावर असतात आणि माणसाचं लक्ष बंदुकीच्या नळीकडे राहतं. पहिल्या वर्षी ते तिथेच राहायला हवं.

आणि लॉजवाल्याला एकच प्रश्न विचारला तर तुमची मुख्य तक्रारही मिटते: "पक्षी रानातले की सोडलेले?" काही जण शेतकऱ्यांकडून जमीन घेऊन रानातल्या पक्ष्यांवरच शिकार करवतात. महाग पडतं, दिवसाला काहीशे डॉलर, हे मान्य. पण बंदूक, बूट, परवाना, पेट्रोल यांवर खर्च करून झाल्यावर नेमकं शिकण्यावरच काटकसर का?

माळावरचा

काल रात्री मेहुण्याला हा सगळा धागा वाचायला दिला. त्यातून दोन गोष्टी बदलल्या.

सलामीचा शनिवार रद्द. तो ऑक्टोबरातला तिसरा, तेव्हा पुष्कळ मका उभा असतो, पक्षी सगळे आत आणि माणसं सगळी बाहेर. आता नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर जाऊ. बाहेरच्या राज्यांतल्यांना परवान्यात पाच-पाच दिवसांचे दोन टप्पे मिळतात, त्यातला एकच वापरायचा. आणि काकांच्या हरणांमुळे रेडफील्डपासून पंधरा मैलांच्या पलीकडचे तुकडे मी यादीतून काढले. यादी निम्मी झाली, पण चालेल.

लॉज मात्र नाही. मेहुणा माझ्याच उजव्या हाताला, वीस पावलांवर चालेल, पहिला पूर्ण दिवस त्याच्या बंदुकीत एकावेळी एकच काडतूस राहील, आणि "रूस्टर" मी ओरडेन. मोटेलला फोन केला. बाईंनी माझ्या प्रश्नांआधीच विचारलं, कुत्रे किती? एक म्हटल्यावर मागच्या बाजूची, गवताकडे दार असलेली खोली दिली. शेगडी नाही. काका, तुमचा रस्सा करायला बाहेर गॅसची छोटी शेगडी नेतोय.

शिकागोकर

एक काडतूस हा चांगला नियम आहे, मीही उचलणार. लॉजबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.

एकच विनंती. मेहुण्याचा पक्षी जखमी होऊन पाणकणसात शिरला तर किती वेळ शोधायचं, ते घरूनच ठरवून निघा. तिथे उभं राहिल्यावर अंधार पडत असतो, थंडी वाजत असते आणि पुढचा तुकडा खुणावत असतो. आम्ही वीस मिनिटं शोधलं आणि निघालो. तुमची लॅब असेल, तर निदान तासभर द्या.