सशांची पहिली पैदास: जोडी लावण्याआधी पिल्लांची घरं ठरवा

तगर (पुणे)

"घरी एक नर आणि एक मादी आहे, एकदा पिल्लं होऊ द्यावीत का?" असं कुणी विचारलं की उत्तरात बहुतेकदा व्यायची पेटी केवढी हवी, गवत कुठलं आणि नर कधी सोडायचा, एवढंच सांगितलं जातं. माझं मत यापेक्षा कडक आहे. होणाऱ्या प्रत्येक पिल्लासाठी आधीच ठरलेलं घर नसेल तर जोडी लावू नये. "कुणीतरी घेईलच" याला मी घर ठरणं म्हणत नाही.

सशाच्या मादीला गाईसारखा ठरावीक माज नसतो. नराशी संबंध आला की त्यानंतर साधारण १० ते १२ तासांत बीज सुटतं, म्हणजे नर-मादी एकत्र आल्यावर एक मिनिटही पुरतं. गाभण काळ ३१ दिवसांच्या आसपास. एका वेतात ४ ते ८ पिल्लं, मोठ्या जातीत १० किंवा १२ सुद्धा. आणि जी गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही ती अशी, की मादी व्यायल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते. नर त्याच पिंजऱ्यात असेल तर पहिली पिल्लं दूध सोडायच्या आत दुसरं वेत समोर येतं. ती पहिली पिल्लं चार महिन्यांच्या पुढे गेली की भावंडांतच प्रकार सुरू. म्हणून आईचा एक, बापाचा एक, दहा-बारा आठवड्यांनी नर पिल्लांचा एक आणि मादी पिल्लांचा एक, इतके पिंजरे दोन खोल्यांच्या घरात कुठे ठेवणार, हे आधी कागदावर काढून बघा.

नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो. दुसरीतल्या मुलाला हौसेने दिलेलं पिल्लू तो कॉलेजात जाईपर्यंत घरात असतं. मधेच कंटाळा आला की "मोफत द्यायचे आहेत" ची जाहिरात, नाहीतर टेकडीवर नेऊन सोडणं. पिंजऱ्यात वाढलेल्या पांढऱ्या सशाला कुत्री, मुंगूस, घार यांच्यापासून स्वतःला वाचवता येत नाही. त्याला मोकळं केलं असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मुलांना जन्म बघायला मिळावा, हे कारणही मला पटत नाही. मादी बहुधा रात्री किंवा पहाटे विते, स्वतःच्या अंगाचे केस उपटून त्यात पिल्लं झाकते आणि दिवसातून एकदा, फार तर दोनदा, तीन-चार मिनिटं दूध पाजून बाजूला होते. बघण्यासारखं फारसं काही नसतंच. उलट सतत डोकावणारी मुलं असली तर घाबरलेली मादी पिल्लं तुडवते, क्वचित खातेही.

बांधावरचा (फलटण)

ताई, तुमचा मुद्दा फ्लॅटमधला आहे आणि तो तुम्ही सगळ्यांना लावताय. आमच्याकडे न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएत चिंचिला या जातींचे ससे आहेत, शेळ्यांच्या जोडीला ससेपालन आहे. माणसाने पैदास करूच नये असं म्हटलं तर जनावर कळणार कसं? एक वेत स्वतः काढल्यावर जे समजतं ते दहा जणांना विचारून समजत नाही.

नवीन माणसाला घाबरवण्यापेक्षा रीत सांगा. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, नराला मादीच्या पिंजऱ्यात सोडायचं नाही. ती आपली जागा राखते आणि नराला फाडून काढते. काम झालं की लगेच बाहेर. तारीख पिंजऱ्यावरच्या कार्डावर लिहायची. अठ्ठाविसाव्या दिवशी व्यायची पेटी आत ठेवायची, तिला वळून बसता येईल एवढीच, जास्त मोठी नको, नाहीतर ती तिथेच घाण करते. आत वाळलेलं मऊ गवत. त्याच्या आधी पेटी दिली तर तिचं संडास होतं, उशिरा दिली तर पिल्लं जाळीवर पडून थंडीने मरतात.

पिल्लांना हात लागला की आई टाकते, ही समजूत आमच्या भागातही आहे. पाळीव सशाच्या बाबतीत ती खोटी आहे. उलट रोज एकदा पेटी बघायलाच हवी. मेलेलं पिल्लू काढायचं, बाहेर पडलेलं आत ठेवायचं. पोट गोल आणि कातडी गुळगुळीत असेल तर दूध मिळालंय. कातडीला सुरकुत्या दिसल्या तर नाही मिळालं. दिवसभर आई पेटीकडे फिरकली नाही म्हणून गाईचं दूध पाजायला जाऊ नका, त्यानेच जास्त पिल्लं जातात.

तगर (पुणे)

दादा, रीत बरोबरच सांगितलीत आणि ती इथे राहावी असं मलाही वाटतं. पण तुमच्याकडे जास्तीच्या पिल्लांची वाट ठरलेली आहे, जागा आहे, पिंजरे आहेत. माझी अट तुम्ही आधीच पूर्ण केली आहे. माझा धागा ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याच्यासाठी आहे.

निळी_छत्री (ठाणे)

मला मूळ मतच मान्य नाही, आणि फक्त फ्लॅटचा प्रश्न म्हणून सोडून देण्याइतकं ते साधं नाही.

बाजारात पिंजऱ्यात रचून विकायला ठेवलेली पिल्लं बघा. बरीचशी चार-पाच आठवड्यांची असतात, आईचं दूध नीट सुटायच्या आत आणलेली, आणि "ही छोटीच राहणारी जात आहे" असं सांगून विकली जातात. घरी आल्यावर त्यांना काकडी, गाजर, बिस्किट खायला घालतात, जुलाब लागतात आणि आठवड्यात पिल्लू जातं. ज्यांना ससा हवाच आहे ती माणसं त्याच पिंजऱ्यांकडे वळतात. घरी ८ आठवडे आईजवळ ठेवलेलं, माणसांच्या हाताची सवय झालेलं, गवत खायला शिकलेलं पिल्लू देणारा माणूस असेल तर तो का वाईट? जबाबदार माणसांनी थांबायचं आणि बेजबाबदारांनी चालू ठेवायचं, यात सशांचं भलं कसं होणार?

पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ पासून केंद्राचे नियम आहेत, दुकानाची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. रस्त्याकडेला पिंजरा मांडणाऱ्याला त्याचं काय? तेव्हा पर्याय उभा करा, बंदी नको.

तगर (पुणे)

मी बंदी म्हटलेलं नाही, अट म्हटलं आहे. तुमच्या घरची सहा पिल्लं चांगल्या घरी गेली तरी बाजारातला पिंजरा रिकामा होत नाही. ज्यांना ससा हवा त्यांनी आधी लोकांनी सोडून द्यायला काढलेले ससे बघावेत. तीन वर्षांचा, संडासच्या पेटीची सवय असलेला, स्वभाव कळलेला ससा पहिल्यांदा पाळणाऱ्याला पिल्लापेक्षा कितीतरी सोपा जातो. पण लोकांना हातात मावणारं पिल्लूच हवं असतं आणि आपण पैदास करून त्याच हौसेला खतपाणी घालतो.

गोठ्यातला_डॉक्टर

पशुवैद्य म्हणून लिहितो. दोन्ही बाजू वाचल्या. एक गोष्ट मात्र मतभेदाच्या पलीकडची आहे: "मादीला एकदा तरी पिल्लं झाली पाहिजेत, नाहीतर तिला आजार होतात." हे चूक आहे. नसबंदी न केलेल्या माद्यांना वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण खूप असतं. काही जातींच्या अभ्यासांत चार वर्षांवरच्या निम्म्याहून अधिक माद्यांत तो आढळला आहे. वेत झाल्याने तो टळत नाही, गर्भाशय काढल्याने टळतो. तेव्हा "तिच्या तब्येतीसाठी" पैदास करणाऱ्यांनी हे कारण सोडून द्यावं.

पैदास करायचीच असेल तर आधी डॉक्टर शोधा. गाई-म्हशींचा उत्तम डॉक्टर सशांचा असेलच असं नाही. मला विचाराल तर दोन प्रश्नांतून अंदाज येतो. सशाला तोंडावाटे अमॉक्सिसिलिन द्याल का, असं विचारा. पेनिसिलिन गटातली औषधं तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो, हे त्यांना ठाऊक असायला हवं. आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री उपाशी ठेवायला सांगितलं तर दुसरा डॉक्टर बघा. सशाला उलटी होतच नाही, आणि उपाशी ठेवल्याने त्याचं आतडं थंडावतं, तोच मोठा धोका.

गाभण मादी शेवटच्या आठवड्यात खाणं सोडते तेव्हा "व्यायला आली असेल" म्हणून दोन दिवस वाट बघत बसू नका. लठ्ठ मादीत तर मुळीच नाही. त्याच दिवशी दाखवा. म्हणून पहिल्या वेताआधी वजन बघायचं. हाताला कणा आणि बरगड्या हलक्या लागल्या पाहिजेत. लहान जातीची मादी सहा महिन्यांच्या, मोठ्या जातीची आठ-नऊ महिन्यांच्या आत लावू नये, जरी ती त्याआधी गाभण राहू शकत असली तरी.

ड्वार्फ (ठेंगू जातीची) म्हणून घेतलेली जोडी असेल तर आणखी एक. दोन्हीकडून ठेंगूपणाचं जनुक आलं तर ते पिल्लू जगत नाही, आणि दोन खऱ्या ड्वार्फ सशांच्या पिल्लांत सरासरीने चारातलं एक असं निघतं. बघवत नाही ते. लहान मुलांना दाखवायला तर अजिबात नको.

वऱ्हाडची_लेक (अकोला)

माझ्यासारखीच्याच प्रश्नावर एवढी चर्चा चालली आहे म्हणून लिहिते. आमच्याकडे दोन्ही सव्वा वर्षाचे आहेत, आतापर्यंत वेगळे ठेवले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी घरी असते, तेव्हा एक वेत काढावं असा विचार होता. तिच्या दोन मैत्रिणींच्या घरून हो म्हटलंय. आणि शेजारच्या काकांना शेतात सशाचं पिल्लू सापडलंय, ते आमच्यातच सोडू का विचारतात.

बांधावरचा (फलटण)

ताई, अकोल्यात आणि मे महिन्यात? नका करू. ३० अंशांच्या वर सशाला त्रास सुरू होतो, तुमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो. सशाला घाम येत नाही, तो कानातून उष्णता टाकतो. गाभण मादी दुपारी एकदा तापली की गेली. पेटीत केसांच्या थरात झाकलेली पिल्लंही भाजून निघतात. उन्हाळ्यात नराचं बीजही कमजोर पडतं, पुन्हा ताकद यायला दीड-दोन महिने लागतात. मग लोकांना वाटतं यांना काही होत नाही, जोडी एकत्रच राहू दे, आणि पावसाळा संपता संपता पेटीत आठ पिल्लं. करायचंच असेल तर दिवाळीनंतर. तेव्हा लसूणघासही मिळते, दूध पाजणाऱ्या मादीला ती द्यावीच. तिला खाणं-पाणी नेहमीच्या दुपटीहून जास्त लागतं.

शेतातलं पिल्लू काकांना जिथे सापडलं तिथेच ठेवायला सांगा. तो रानससा, आपल्या सशापेक्षा वेगळा प्राणी. त्याचं पिल्लू जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडलेलं असतं, आई त्याला एकटं ठेवून लांब जाते आणि संध्याकाळी पाजायला येते. त्याचा आपल्या मादीशी संकर होत नाही, आणि वन्यजीव कायद्याने तो घरी ठेवताही येत नाही.

तगर (पुणे)

अकोल्याच्या ताई, दोन घरं म्हणजे दोन पिल्लं. सात झाली तर उरलेल्या पाचांचं काय? आणि "हो" मुलींनी म्हटलंय की त्यांच्या आईवडिलांनी?

निळी_छत्री (ठाणे)

हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर "करू नका" एवढंच नसतं. मी नोव्हेंबरमध्ये एक वेत घेणार आहे. पाच कुटुंबांशी बोलणं झालंय, प्रत्येकाच्या घरी जाऊन जागा बघितली. एकाने बाल्कनीत उन्हात पिंजरा ठेवायचं म्हटलं, त्यांना नाही सांगितलं. देताना एकच अट लिहून घेणार: सांभाळणं जमलं नाही तर ससा माझ्याकडेच परत यायचा, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. पाचांपेक्षा जास्त झाली तर ती माझी. त्यासाठी जागा आणि नसबंदीचा खर्च बाजूला काढला आहे.

तगर (पुणे)

परत घ्यायची तयारी आठ-दहा वर्षं टिकणार असेल तर तुमच्या वेताला माझा विरोध नाही. एवढी तयारी करणारे फार थोडे असतात, म्हणून सल्ला देताना मी त्यांना धरून देत नाही. इथे आपलं जुळणार नाही, असू दे.

बांधावरचा (फलटण)

पिल्लांची वाट आधी ठरवा, हे आम्हा पाळणाऱ्यांनाही लागू आहे हे मान्य करतो. "युनिट (नर-माद्यांचा संच) घ्या, पिल्लं आम्हीच परत विकत घेऊ" म्हणणारे ससेवाले गावोगाव फिरतात. २०१९ ला इस्लामपूरच्या कडकनाथ प्रकरणात कोंबड्यांच्या नावाने तेच झालं, पक्षी शेतकऱ्याच्या अंगावर पडले आणि घेणारा गायब. खरा गिऱ्हाईक आपल्या तालुक्यात आहे का, हे बघितल्याशिवाय दहा माद्यांचं युनिट कुणी घेऊ नये.

वऱ्हाडची_लेक (अकोला)

सगळ्यांचे आभार. मैत्रिणींच्या आयांशी आज बोलले. एक तयार आहे, दुसरीला मुलीने हो म्हटल्याचं माहीतच नव्हतं. पाच-सहा पिल्लं मी ठेवू शकत नाही, तेव्हा वेत नको. पण दोघांना कायम वेगळं ठेवायचंही जिवावर येतं, जाळीतून एकमेकांना चाटत बसतात. आधी नराचं ऑपरेशन करून घेतलं तर लगेच एकत्र ठेवता येतील का?

गोठ्यातला_डॉक्टर

लगेच नाही. ऑपरेशननंतरही चार ते सहा आठवडे नरात बीज शिल्लक असतं, तोवर जाळी मधे राहू द्या. तुमच्या अकोल्यातच पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, तिथे सशाची भूल कोण देतं ते आधी विचारा. दोघांनाही घेऊन जा. नर नर आहे आणि मादी मादी आहे याची खात्री तिथेच करून घ्या. विकताना सांगितलेलं लिंग चुकीचं निघणं नेहमीचं आहे. आणि मादीचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर कधी करता येईल तेही त्याच भेटीत ठरवा.